नऊ तासांमागचा बॅरिस्टर : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी नाशिकच्या कामगार न्यायालयात बावीस वर्षं वकिली करते. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतले कामगार हेच माझे पक्षकार. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली, तेव्हापासून आपल्याला लिहायचं मनात होतं. नोव्हेंबरात केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांच्या हिशेबाने आठवड्याचे ४८ तास होतात, पण दिवसाचा स्प्रेडओव्हर, म्हणजे कामाला लागल्यापासून सुटेपर्यंतचा मधल्या विश्रांतीसह एकूण वेळ, किती असावा हे सरकारी अधिसूचनेवर सोडलं आहे. म्हणजे आमच्याकडच्या बहुतेक कारखान्यांपुरता तो आकडा आपल्या खात्यात ठरणार. म्हणून हे पत्र आपल्या नावे.

हा नऊचा आकडा आला कुठून, ते आधी सांगते. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तास होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांसाठी ते नऊ आणि ४८ झाले. १९४८ च्या कायद्याने तेच आकडे उचलले, आणि मी सनद घेतली तेव्हाही कलम ५१ आणि ५४ मध्ये तेच होते. १९४६ ची दुरुस्ती ज्या खात्याने आणली त्याचे प्रमुख डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. दरवर्षी १४ एप्रिलला मोबाइलवर एक संदेश फिरतो, की बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले. तो मजकूर मला पटत नाही. खरी गोष्ट त्याहून कष्टाची आहे, आणि मंत्र्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने तीच वाचावी असं मला वाटतं.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ च्या उन्हाळ्यापर्यंत त्या पदावर राहिले. काळ कसला होता ते आठवून पाहा. ब्रह्मदेश जपान्यांच्या ताब्यात गेला होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवत होते, आणि त्याच आठवड्यात मुंबईत गोवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव होत होता. परकीय सरकारची नोकरी पत्करली म्हणून त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. तो वाद इथे नको. मला त्या खुर्चीतला वकील दिसतो, त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

१९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेला, १९२३ पासून मुंबईत वकिली करणारा हा माणूस. त्याचं कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होतं, सगळ्या बाजूंनी गिरण्या. १९३५ ते ३८ तो सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य होता. आणि १९३८ मध्ये मुंबई सरकारने संपावर बंधनं घालणारं औद्योगिक विवाद विधेयक आणलं, तेव्हा हाच माणूस विधिमंडळात त्याविरुद्ध उभा राहिला आणि ७ नोव्हेंबरच्या संपात रस्त्यावरही उतरला. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव, अशी त्याची मांडणी होती.

चार वर्षांनी तो मंत्री झाला, तेव्हा भारत संरक्षण नियमांतला ८१-अ हा नियम आधीच लागू होता. पूर्वसूचनेशिवाय संप नाही, आणि वाद सरकारला लवादाकडे सोपवता येईल. विरोधात उभं राहून म्हटलेलं मंत्री झाल्यावर किती टिकतं, याचा अनुभव आपल्यालाही असेल. मी त्या चार वर्षांचे कागद वाचते तेव्हा प्रत्येक पानावर हा ताण जाणवतो.

वकिलाने वकिलासारखं काम केलं ते असं. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडले. कामगार शहर सोडून पळू लागले, आणि बॉम्बने मेलेल्या किंवा लुळ्या झालेल्या कामगाराला भरपाई कोण देणार, हा प्रश्न उभा राहिला. नेहमीचा भरपाईचा कायदा कामावरच्या अपघाताचा. शत्रूचा बॉम्ब हा कामाचा धोका आहे का, यावर आम्ही वकील दहा वर्षं भांडलो असतो. १९४३ मध्ये युद्धजखमांच्या भरपाईचा आणि विम्याचा कायदा आला, मालकावर जबाबदारी टाकली गेली, तिच्यासाठी सरकारी विमा सक्तीचा झाला. कामगाराच्या विधवेला कोर्टाची पायरी चढावी लागू नये, एवढ्यासाठी वाद उभा राहण्याआधीच त्याचं उत्तर कायद्यात लिहून ठेवलं. मला हे कलम-कारकुनीचं काम वाटत नाही.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार उरणार नाही.

१९४३ मध्ये कोळसा कमी पडू लागला. खाणकामगार लष्करी बांधकामांकडे जात होते, तिथे मजुरी बरी होती. सरकारने बायकांना जमिनीखाली काम करू देण्यावरची बंदी उठवली. बंगाल, बिहार आणि आपला मध्य प्रांतही त्यात आला. ही बंदी अनेक वर्षांच्या प्रयत्नांनी १९३७ मध्ये पुरी झाली होती. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात यावर सरकारला धारेवर धरलं गेलं आणि उत्तर द्यायला बाबासाहेब उभे राहिले. मी त्या दिवशी सभागृहात असते तर त्यांच्या विरोधात मत दिलं असतं. एक बाई म्हणून ते भाषण मला अजूनही जड जातं.

तरी मी ते पुन्हा पुन्हा वाचते, कारण तडजोड कशी करावी ते त्यात दिसतं. कोळशाची टंचाई हे कारण त्यांनी उघड सांगितलं. बायकांच्या भल्यासाठी करतोय असा मुलामा दिला नाही. खाणीत उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल ही अट घातल्याचं सांगितलं, आणि समान कामाला समान दाम हे तत्त्व एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच आलं असावं असंही म्हटलं. ही सवलत तात्पुरती आहे, असं सभागृहाला दिलेलं वचन नोंदवलं गेलं. त्याआधी डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादकडच्या खाणीत उतरून आले होते. जानेवारी १९४४ मध्ये कोळशावर उपकर बसवून खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा केला होता. आणि युद्ध संपल्यावर, फेब्रुवारी १९४६ मध्ये, ती बंदी पुन्हा लागू झाली. वचन पाळलं गेलं.

त्याच वसंतात स्थायी आदेशांचा, म्हणजे मालकाने नोकरीच्या अटी लेखी ठरवून देण्याचा, कायदा झाला, किमान वेतनाचं विधेयक मांडलं गेलं आणि कामाचे तास नऊवर आले. लक्षात घ्या, युद्धात कारखान्यांना तासांच्या मर्यादेतून सवलती दिल्या जात होत्या. युद्ध संपल्यावर त्या सवलती कायम करणं मालकांच्या सोयीचं होतं. झालं उलट. कामगारांनी युद्धकाळात उपसलेल्या कष्टांची भरपाई म्हणून तास आधीपेक्षाही कमी झाले.

साहेब, आपल्याकडे आज कोणतं युद्ध आहे?

फॅक्टरी कायद्याच्या कलम ५ मध्ये आणीबाणीत सूट देण्याची सोय होती, पण आणीबाणी म्हणजे देशाची सुरक्षा धोक्यात आणणारं युद्ध, परकी आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता, आणि सूट एका वेळी तीन महिन्यांची. कोरोनाकाळात गुजरात सरकारने याच कलमाखाली तास वाढवले, तेव्हा १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. एवढ्या मोठ्या साथीतही जे चाललं नाही, ते गुंतवणूक यावी म्हणून, मुदतीशिवाय, कायमचं करायचं?

बारा तासांसाठी कामगाराची लेखी संमती घेऊ, असं आपलं सरकार म्हणतं. ही संमती मी रोज पाहते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे कारखान्यात प्रेस मशीनवर काम करणारा एक मुलगा आला. वय चोवीस, उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. अपघात झाला तेव्हा त्याला कामावर येऊन अकरावा तास चालू होता. ओव्हरटाइमला त्याची संमती होती का, असं कोर्टात विचारलं गेलं, तेव्हा कंपनीने कागद काढला. रुजू होताना त्याने एका दमात ज्या वीस-पंचवीस कागदांवर सह्या केल्या, त्यातलाच तो एक. तारीख पहिल्या दिवसाची. मुलगा सही ओळखून म्हणाला, ‘ताई, सही माझीच आहे.’ उलटतपासणीत मी काय विचारणार होते?

माझी मागणी थोडक्यात अशी. आपल्या नियमांत दिवसाची मर्यादा नऊ तासांचीच राहू द्या. कुठल्या उद्योगाला खरंच सूट द्यावी लागली, तर कारण विधानसभेत उभं राहून सांगा, सूट कधी संपणार ती तारीख अधिसूचनेतच छापा, आणि त्या काळात कामगाराला बदल्यात काय मिळणार तेही तिथेच लिहा. संमती घ्यायचीच असेल तर ती ज्या दिवशी जास्त काम असेल त्याच दिवशीची असावी, रुजू होतानाची नको.

८ फेब्रुवारी १९४४ चं ते भाषण महाराष्ट्र शासनानेच छापलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात आहे. मंत्रालयाच्या ग्रंथालयात सापडलं नाही, तर माझ्याकडे झेरॉक्स आहे. आपण वेळ द्याल त्या दिवशी घेऊन येते. सोबत तो मुलगाही येईल, त्याने तसं मला सांगितलं आहे.

आपली,
नाशिक कामगार न्यायालयातील एक वकील