नामदेवांची पदे आणि बेल्जियमचे अभ्यासक

महोदय,

बेल्जियमचे नाव आपल्या वर्तमानपत्रांत बहुधा दोनच कारणांनी येते. एक अँटवर्पचा हिऱ्यांचा बाजार आणि दुसरे, अलीकडचे, प्रत्यार्पणाचे खटले. पण या चिमुकल्या देशाशी आपले आणखी एक नाते आहे आणि ते थेट पंढरपूरच्या नामदेवांपर्यंत येऊन भिडते. मराठीत त्याची फारशी चर्चा होत नाही, म्हणून हे पत्र.

हिंदी वाचकांना फादर कामिल बुल्के ठाऊक आहेत. 1909 साली फ्लँडर्समधल्या, म्हणजे बेल्जियमच्या डचभाषक भागातल्या, एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. त्या काळी बेल्जियममध्ये उच्च शिक्षणात फ्रेंचचाच वरचष्मा होता आणि घरी डच बोलणाऱ्या फ्लेमिश माणसाला कमी लेखले जाई. गेंट विद्यापीठ पूर्णपणे डच माध्यमाचे झाले ते 1930 साली. हा अपमान सोसून आलेले बुल्के 1935 साली जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे सदस्य म्हणून भारतात आले, तेव्हा इथली शिकलेली मंडळी स्वतःच्या भाषेची लाज बाळगताना पाहून ते अस्वस्थ झाले. अलाहाबाद विद्यापीठात रामकथेवरचा प्रबंध हिंदीतच लिहीन, असा त्यांनी आग्रह धरला आणि विद्यापीठाला इंग्रजीचा नियम बदलावा लागला. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश 1968 साली निघाला, तो अजूनही अनुवादकांच्या टेबलावर असतो. 1974 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आपल्याकडे भाषेवरून एवढे वाद झडत असताना या माणसाची आठवण कुणालाच होऊ नये, याचे वाईट वाटते.

बुल्के तुळशीदासांचे भक्त होते. बेल्जियमच्याच लुव्हेन विद्यापीठातले अभ्यासक विनांड कॅलेवार्ट मात्र आपल्या नामदेवांकडे वळले. राजस्थानातल्या संत दादूंच्या पंथातल्या, म्हणजे दादूपंथी, साधूंनी दादू, कबीर, नामदेव, रैदास आणि हरदास यांची वाणी ‘पंचवाणी’ पोथ्यांत उतरवून ठेवली होती. कॅलेवार्टांनी राजस्थानातली ग्रंथभांडारे पालथी घालून जुन्या पोथ्यांचे सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) तयार केले आणि जयपूरचे अभ्यासक मुकुंद लाठ यांच्यासोबत नामदेवांच्या हिंदी पदांची पाठभेदांसह आवृत्ती 1989 साली प्रसिद्ध केली. एकाच पदात कुठे ओळींचा क्रम बदलतो, कुठे ओळ गळते, कुठे नवीच येऊन बसते. हे सगळे लेखनिकांच्या डुलक्यांमुळे झालेले नाही. पदे लिहिली जाण्याआधी गायकांच्या तोंडी फिरली, हे त्यामागचे मोठे कारण, असे या दोघांनी मांडले. भजनात उभा राहिलेला कोणताही वारकरी याला मान डोलावेल. बुवा रंगात आले की चरण मागेपुढे होतातच!

गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत, याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच अभिमानाने 2015 साली साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरले. मग राजस्थानातल्या पोथ्यांमधले नामदेव आपल्या अभ्यासक्रमात का नसावेत? पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र शहराच्या आघाडीवर पडलेल्या अनेक भारतीय सैनिकांची नावे तिथल्या मेनिन गेट या स्मारकावर कोरलेली आहेत आणि तिथले लोक रोज रात्री आठ वाजता बिगुल वाजवून त्यांना मानवंदना देतात. आपल्या संतांसाठी आयुष्य घालवणाऱ्या त्यांच्या अभ्यासकांची आपण निदान ओळख तरी करून घ्यावी.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. महानुभावांच्या पोथ्यांची ती भूमी, म्हणजे पोथीच्या अभ्यासाला याहून योग्य जागा नाही. त्या विद्यापीठाने लुव्हेनशी संपर्क साधून नामदेवांच्या पदांच्या या पाठांच्या प्रती मिळवाव्यात, मराठी गाथेशी त्या ताडून पाहाव्यात आणि टीपांसह स्वस्त मराठी आवृत्ती काढावी. या कामात प्राध्यापकांबरोबर पंढरपूर-आळंदीचे जाणते कीर्तनकारही हवेत, कारण गाताना पद कसे बदलते हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? शासनाच्या भाषा विभागाने येत्या अर्थसंकल्पात यासाठी तरतूद करावी, ही विनंती.

– एक वाचक, पंढरपूर