ती शांतता रिकामी नव्हती

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत दोन महायुद्धांमधल्या बीबीसीच्या एका दिवसावरचा लेख वाचला आणि संताप झाला. रात्र जाऊ दिली. आज सकाळी चहा झाल्यावर लिहायला बसले आहे.

सकाळची प्रार्थना, हवामान, दुपारी शाळांसाठी पाठ, संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम, मग व्याख्यान, वाद्यवृंद, रात्री हॉटेलातले नृत्यसंगीत, हा क्रम आपल्या लेखकाने बरोबर दिला आहे. त्यावरचा शेरा मात्र मला सहन झाला नाही. दोन कार्यक्रमांच्या मधे रेडिओ मुका होत असे, म्हणजे त्यांच्याकडे द्यायला काही नव्हते, असे ते लिहितात. हे साफ चूक आहे. ती शांतता मुद्दाम ठेवलेली होती. एक कार्यक्रम संपला की ऐकणाऱ्याने संच बंद करावा, पुन्हा काही निवडून ऐकायचे असेल तेव्हा लावावा, अशी बीबीसीची धारणा होती. नळ उघडा ठेवल्यासारखा दिवसभर आवाज वाहत राहावा, हे त्यांना मान्यच नव्हते. तिसाच्या दशकात त्या मोकळ्या वेळात नुसती घड्याळाची टिकटिक ऐकवत, संच बिघडलेला नाही एवढे कळण्यापुरती.

१८ एप्रिल १९३० च्या गुड फ्रायडेचा प्रसंगही लेखात आळशीपणाचा नमुना म्हणून आला आहे. त्या संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला निवेदकाने सांगितले की आज बातमी नाही, आणि उरलेल्या वेळात पियानो वाजवला गेला. यात हसण्यासारखे काय आहे? सांगण्याजोगे नव्हते, तर तसे सांगितले. शिवाय लेखकाने एक गोष्ट गाळली आहे. सुरुवातीच्या वर्षांत बीबीसीला संध्याकाळी सातच्या आधी बातमी देताच येत नसे, आणि ही अट होती वर्तमानपत्रवाल्यांच्या दबावामुळे. आपला खप घटेल अशी त्यांना धास्ती होती. बीबीसीच्या बातम्या तोकड्या होत्या असे एखादे वर्तमानपत्र छापते, तेव्हा हेही छापायला हवे.

मला हे एवढे का लागले, ते सांगते. मी एका रेडिओ केंद्रावर नैमित्तिक उद्घोषिका होते. एका रात्री शास्त्रीय गायनाची टेप दहाच्या बातम्यांच्या चाळीस सेकंद आधी संपली. बाई बागेश्री गायल्या होत्या, विलंबित, अगदी आतून. शेजारच्या डेकवर फिलर, म्हणजे रिकामा वेळ भरायची टेप, तयार होता, सतारीची एक चटपटीत धून. माझा हात तिकडे गेला आणि थांबला. तानपुऱ्याचा शेवटचा झंकार विरला, मी आवाजाचा फेडर खाली घेतला आणि काहीही लावले नाही. काचेपलीकडे इंजिनिअर हातवारे करू लागले, फोनचा दिवा लुकलुकायला लागला. मी घड्याळाकडे बघत बसले आणि ठोक्याला बातम्यांना जोडून दिले. दुसऱ्या दिवशी हातात मेमो: प्रसारणात विनाकारण खंड, लेखी खुलासा द्यावा. ऐकलेले गाणे श्रोत्याच्या कानात घटकाभर राहावे म्हणून, असे मी खरे तेच लिहून दिले. पुढचे दोन महिने मला एकही ड्यूटी मिळाली नाही. इतकी वर्षे झाली, तरी त्या ‘विनाकारण’ शब्दाचा सल गेलेला नाही. काल आपल्या लेखात तोच शब्द वेगळ्या रूपात वाचला.

लेखात सगळे श्रेय आणि सगळा दोष बीबीसीचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांच्या माथी मारला आहे. रविवारचा दोष त्यांचाच, हे मी मान्य करते. रविवारी प्रवचने आणि गंभीर संगीत यांपलीकडे काही नाही, हा हट्ट लोकांनी झुगारला आणि नॉर्मंडी, लक्झेंबर्गची परदेशी स्टेशने लावली, ते योग्यच केले. पण व्याख्यानांबद्दल लिहिताना हिल्डा मॅथेसन यांचे नाव नाही, हे कसे चालेल? १९२७ मध्ये त्या बीबीसीच्या व्याख्यान विभागाच्या पहिल्या संचालक झाल्या. तोवर वक्ते मायक्रोफोनपुढेही सभेत बोलावे तसे बोलत. घरात खुर्चीवर बसलेल्या एका माणसाशी आपण बोलत आहोत, हे मॅथेसन यांनी भल्याभल्यांकडून तालमी करून गिरवून घेतले. वयाच्या एकविसाव्या वर्षी मताधिकार मिळालेल्या बायकांना संसदेत काय चालते ते कळावे, म्हणून १९२९ मध्ये त्यांनी साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. पुढे रीथ यांच्याशी खटके उडाले आणि त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्याच विभागात काम केलेले लायनेल फील्डन १९३५ मध्ये हिंदुस्थानात आले आणि इथल्या रेडिओची घडी त्यांनी बसवली. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव १९३६ चे, त्यांच्याच कारकिर्दीतले. मी माईकपुढे पहिल्यांदा बसले तेव्हा ज्येष्ठ निवेदकांनी मला सांगितले होते, ‘पोरी, लाखांशी बोलू नकोस, एकाशी बोल.’ हे वाक्य कुठून चालत आले असावे, ते मला फार उशिरा उमगले.

लोक जांभया देत ऐकत, हे विधानही तपासायला हवे होते. रेडिओ ऐकण्याच्या परवान्याला वर्षाला दहा शिलिंग पडत. १९२७ मध्ये असे वीस लाखांहून अधिक परवाने होते, १९३९ पर्यंत ते नव्वद लाखांच्या घरात गेले. गरिबाघरी क्रिस्टल संच असे, त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. एकच हेडफोन असला तर तो चिनीमातीच्या वाडग्यात ठेवत, म्हणजे वाडगा घुमे आणि भोवती डोकी टेकवून घरातल्या दोघाचौघांना ऐकू येई. कंटाळलेली माणसे वाडग्याला कान लावून बसत नाहीत. करमणूकही होती. १९३३ पासून शनिवारी संध्याकाळी एक कार्यक्रम लागे, त्याच्या सुरुवातीला लंडनच्या रहदारीचा गदारोळ, फुले विकणारीची हाक, आणि मग एक आवाज ओरडे, ‘थांबा!’ सगळे शहर गप्प होई आणि गप्पा सुरू होत. शांततेचा उपयोग त्या लोकांना कळत होता, तो असा.

लिहितेच आहे तर आणखी एक. आपण रेडिओच्या कार्यक्रमांचा रकाना बंद केलात, त्यावर मी दोन पत्रे पाठवली, पोचसुद्धा आली नाही. १९२३ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांनीही बीबीसीचे कार्यक्रम फुकट छापायला नकार दिला होता, जाहिरातीसारखे पैसे मागितले. त्यातूनच त्या वर्षी २८ सप्टेंबरला ‘रेडिओ टाइम्स’ निघाले. आमच्याकडे तसे काही निघणार नाही. माझ्या शेजारच्या आजोबांना दिसत नाही, मोबाइल जमत नाही. मी रोज सकाळी आपल्या अंकातला रकाना त्यांना वाचून दाखवत असे आणि रात्री कोणाचे गाणे आहे ते ते लक्षात ठेवत. आता ते विचारतात तेव्हा मला उत्तर देता येत नाही. रोज नाही तर निदान शनिवारच्या अंकात तो चार बोटांचा रकाना द्यावा, आणि मॅथेसन यांच्याविषयी दोन ओळींची पुरवणी येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक माजी उद्घोषिका