नसबंदी करणारे हात कुठून आणायचे?

संपादक महोदय,

भटक्या कुत्र्यांवरची आपल्या अंकातली पत्रे वाचतो. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे पकडले तिथेच सोडा, पिसाळलेले आणि आक्रमक मात्र सोडू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. तेव्हापासून वाद पिंजऱ्यांचा आणि खाऊ घालणाऱ्यांचा. ऑपरेशन टेबलापाशी उभे कोण राहणार, हे कुणी विचारत नाही.

मी निवृत्त पशुधन विकास अधिकारी. नोकरी गाई-म्हशींत गेली. कॉलेजात कुत्रीची नसबंदी आम्ही पाहिली, तीही चौघांच्या खांद्यांवरून. पुढे पहिली कुत्री हाताखाली आली तेव्हा अंडाशय सापडायलाच अर्धा तास गेला. ते मूत्रपिंडाच्या मागे, वर ताणलेले असते. हलक्या हाताने सैल करून बाहेर घ्यावे लागते आणि रक्तवाहिनीला मारलेली गाठ सुटली तर आत रक्तस्राव. माझी कुत्री वाचली, पण ते नशीब.

सरावलेला हात बोटभर चिरेतून हेच काम काही मिनिटांत करतो. भूल कमी लागते, जखम लवकर भरते, पिंजरा लवकर रिकामा होतो. खर्च उतरतो तो इथे. निविदेत सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम दिले की कापूसदोऱ्यात आणि भुलीच्या औषधात काटकसर होते, मग टाके उसवलेली कुत्री गल्लीत फिरताना आपणच पाहतो.

हे शिकवता येते. उटी आणि गोव्यात वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिस या संस्थेची केंद्रे पशुवैद्यकांकडून प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करून घेऊन शिकवतात. मग परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीरच्या आमच्या पशुवैद्यक महाविद्यालयांनी आंतरवासितेतले (इंटर्नशिपमधले) काही आठवडे नसबंदी केंद्रावर का ठेवू नयेत? मुलांना हात मिळेल, नगरपालिकांना डॉक्टर. आधीच नोकरीत असलेल्यांसाठीही असा वर्ग हवा, भत्त्यासकट. सुट्टी टाकून, पदरमोड करून कोण जाणार?

अलीकडे एका नगरपालिकेची निविदा पाहिली. प्रति कुत्रा दर, वाहन, पिंजरे, सगळ्यांना रकाने होते. शस्त्रक्रिया करणाऱ्याने आजवर किती केल्या, याला नव्हता.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, जि. सातारा