सूचना : आठवड्यातला एक दिवस एकमेकांसाठी

नमस्कार, सगळ्या सिस्टर, ब्रदर, मावशी, मामांना. या आठवड्यापासून एक गोष्ट सुरू करतोय, सक्ती कुणावरच नाही. आपला एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी मुद्दाम चार-पाच जणांसाठी छोटंसं काहीतरी करा, म्हणजे हँडओव्हर देताना पुढच्या सिस्टरसाठी ट्रॉली भरून ठेवा, नवीन इंटर्नला सुईसाठी व्हेन (शीर) सापडत नसेल तर ओरडण्याऐवजी शेजारी उभं राहून दाखवा, मावशींना चहा विचारा. एकाच दिवशी का, तर मानसशास्त्रज्ञ ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात आठवड्याची पाच चांगली कामं एका दिवसात करणाऱ्या विद्यार्थ्यांना जास्त बरं वाटलं, आठवडाभर विखरून करणाऱ्यांना तेवढं नाही. पेशंटशी आपण नीट बोलतोच हो, एकमेकांशीच तुटक बोलतो आणि मला वाटतं निम्मा थकवा तिथूनच येतो.

आणि हे डबल ड्युटी घ्यायचं निमित्त नाही, जेवण सोडून कुणी मदत करायची नाही. ज्यांना झोप लागत नाहीये, सारखं रडू येतंय त्यांनी प्लीज एकटं राहू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आपापला दिवस शुक्रवारपर्यंत इथेच टाका.