कोन्स्तान्तिनोवोच्या टिपणावरची पेन्सिल: बाईंना आभाराचं पत्र

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

कोन्स्तान्तिनोवो या रशियन खेड्यावरचं मराठी टिपण अखेर पुरं झालं. समासात तुम्ही पेन्सिलीनं केलेल्या खुणांशिवाय ते छापण्याजोगं झालं नसतं. त्या खुणा आमच्या फायलीत पडून राहू नयेत, म्हणून हे पत्र उघडं लिहीत आहोत. रशियातल्या कुठल्याही खेड्याचा माग काढणाऱ्याला त्या उपयोगी पडतील.

तुमची पहिली खूण नावापाशीच होती : “कुठलं कोन्स्तान्तिनोवो?” या नावाची गावं रशियात अनेक आहेत, एकट्या मॉस्को प्रांतातच एकाहून जास्त. आपलं गाव कवी सेर्गेई येसेनिन यांचं, रियाझान शहराच्या वायव्येला 43 किलोमीटरवरचं, आज रिब्नोये जिल्ह्यात मोडणारं. पण जुन्या कागदांत त्याचा पत्ता वेगळा आहे : रियाझान गुबेर्निया, रियाझान उयेज्द, कुझ्मिन्स्कोये वोलोस्त. गुबेर्निया म्हणजे प्रांत, उयेज्द म्हणजे आपल्या तालुक्यासारखा भाग आणि वोलोस्त म्हणजे काही गावांचा गट. ही तिन्ही नावं जोडल्याशिवाय शोध सुरू करायचा नाही, हा तुमचा दंडक.

नावाच्या सामान्यरूपाची चूक आम्ही मराठी असून केली, याची लाज वाटते. ‘साताऱ्यात’ वाचून कुणी गावाचं नाव ‘साताऱ्या’ लिहीत नाही. रशियन कागदात मात्र ‘कोन्स्तान्तिनोवे’, ‘कोन्स्तान्तिनोवा’ अशी विभक्तीची रूपं दिसली आणि आम्ही दोन वेगळी गावं मोजली.

भूगोलाच्या पानावर तुम्ही पुराचा महिना खोडला होता. गाव ओका नदीच्या उंच उजव्या काठावर, काठाच्या कडेनं लांबच लांब पसरलेलं आहे. समोरचा डावा काठ सखल आहे. आधी पाणी चढणारी कुरणं आणि त्यांच्यापलीकडे मेश्चेरा नावाचा वाळू, पीट, दलदल आणि जंगलांचा विस्तीर्ण सपाट प्रदेश. पूर म्हटलं की आपल्या डोक्यात आषाढ-श्रावण येतो. ओकेला पूर येतो तो वितळत्या बर्फाचा, एप्रिलच्या सुमारास. तो गाळ टाकून ओसरतो, गवत माजतं आणि जुलैत कापणी होते. जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगानुसार पेत्रोव दिवस (संत पीटरचा सण) 29 जूनचा, म्हणजे आजचा 12 जुलै, आणि गवताचा हंगाम त्याच्या आगेमागे. हिवाळ्यात गुरं महिनोन्महिने गोठ्यात बांधून राहतात, त्यामुळे गवताला धान्याइतकंच मोल होतं. कुरणं कुणा एका घराची नव्हती. ती ग्रामसमाजाची, म्हणजे ‘मीर’ची होती, आणि त्यांचे पट्टे चिठ्ठ्या टाकून वाटले जात. पूर ऑगस्टात धरला असता तर हे सगळं चक्र उलटं फिरलं असतं.

माणसांचा शोध घ्यायचा तर आधी देऊळ शोधा, असं तुम्ही लिहिलंत. रशियनमध्ये ‘सेलो’ आणि ‘देरेव्न्या’ दोन्ही खेडीच, पण चर्च असेल ते सेलो, नसेल ती देरेव्न्या. आपल्या गाव-वाडीच्या नात्यासारखं काहीसं. कोन्स्तान्तिनोवो हे सेलो, कारण तिथं 1779 साली गोलित्सिन घराण्यानं बांधलेलं काझान देवमातेचं चर्च आहे. वाडीतल्या मुलाचा जन्म वाडीच्या नावानं शोधला तर हाती काही लागत नाही, कारण तो सेलोच्या चर्चच्या वहीत नोंदलेला असतो. या ‘मेत्रिचेस्काया’ वहीचे तीन भाग : जन्म, लग्नं, मृत्यू. दर वर्षी तिच्या दोन प्रती होत. एक चर्चमध्ये राही, दुसरी धर्मप्रांताच्या कचेरीत जाई. एक प्रत जळाली, कुजली तरी दुसरीची आशा असते, ती याचमुळे. 1918 नंतर हे काम सरकारी नोंदणी कार्यालयाकडे गेलं, तेव्हा पुढचा शोध चर्चच्या वह्यांत करण्यात अर्थ नाही.

आमचं सर्वांत जास्त अडलं ते खानेसुमारीपाशी. करासाठी माणसं मोजण्याच्या दहा फेऱ्या झाल्या, पहिली 1719 ची आणि दहावी 1858 च्या सुमाराची. त्यांना ‘रेविझिया’ म्हणतात. जमीनदाराच्या गावची यादी जमीनदार देई, म्हणून ती बऱ्याचदा गावाच्या नव्हे, मालकाच्या नावाखाली लावलेली असते. कोन्स्तान्तिनोवोचे मालक वेळोवेळी बदलले, म्हणजे दोन फेऱ्यांमध्ये गाव जागचं हललं नाही तरी कागद दुसऱ्याच आडनावाखाली गेलेला असू शकतो. आधी मालकांची साखळी, मग यादी, हा क्रम तुम्ही घालून दिलात.

यादी हाती आली की डाव्या पानावर पुरुष : मागच्या फेरीतलं वय, मधल्या काळात मेला किंवा सैन्यात गेला असेल तर त्याची नोंद, आणि आताचं वय. उजव्या पानावर बायका. 1811 च्या फेरीत बायका मोजल्याच नाहीत, तेव्हा त्या यादीवरून गावची लोकसंख्या सांगणं म्हणजे निम्मं गाव गिळून टाकणं. आम्ही नेमकं तेच केलं होतं. तुमची पेन्सिल तिथं जरा जोरात उमटली आहे. वयं अंदाजानं लिहिलेली असतात आणि एकोणिसाव्या शतकातल्या शेतकऱ्याला कायमचं आडनाव असेलच असं नाही. म्हणून वडिलांच्या नावावरून, घरातल्या सगळ्या माणसांचा संच जुळवत जायचं. एकटं नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं धरायचं नाही.

तारखांचा तुमचा तक्ता आता आमच्या भिंतीवर आहे. गावाचा पहिला उल्लेख 1619 चा सांगतात. त्या काळी रशियात वर्ष सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजत आणि ते सप्टेंबरात सुरू होई. त्यामुळे जानेवारी ते ऑगस्टमधल्या तारखेला 5508 वजा करायचे, सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या तारखेला 5509. म्हणजे 7127 आणि 7128 ही दोन्ही वर्षं 1619 ला येऊन टेकतात. 1700 पासून ही पद्धत गेली, पण पंचांग जुनंच राहिलं. अठराव्या शतकात आजच्या पंचांगाशी फरक 11 दिवसांचा, एकोणिसाव्यात 12, विसाव्यात 13. येसेनिन यांचा जन्म जुन्या पंचांगानं 21 सप्टेंबर 1895 चा, म्हणजे 3 ऑक्टोबर. सवयीनं 13 मिळवले की 4 ऑक्टोबर येतो.

सतराव्या शतकातलं घाईचं हस्ताक्षर ‘स्कोरोपिस’ तुम्ही मोडीच्या वाटेनं शिकवलंत. मोडीत हात उचलायचा नाही, इथं उरलेली अक्षरं ओळीच्या वर चढवून शब्द आखडायचा. वर लोंबणारं अक्षर आधी खाली उतरवून घ्या, मग शब्द वाचा, ही युक्ती कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळली. आकडेही अक्षरांनीच लिहिलेले असतात, डोक्यावर एक छोटी रेघ असते. ती दिसली नाही तर वर्षाचा आकडा शब्द समजून वाचत बसतो माणूस.

जमिनीच्या मापात आमची चूक एक-तृतीयांशाची होती. देस्यातिना हे जमिनीचं आणि साझेन हे लांबीचं जुनं रशियन माप. सरकारी देस्यातिना 2400 चौरस साझेनची, सुमारे 1.09 हेक्टर, आपल्या हिशेबात 2 एकर 28 गुंठे. पण 3200 चौरस साझेनची दुसरी देस्यातिनाही चाले. कागदावर कुठली आहे ते पाहिल्याशिवाय गुणाकार करायचा नाही. व्हर्स्ट या अंतराच्या मापाचंही तसंच. नेहमीची 500 साझेनची, म्हणजे 1.067 किलोमीटर, जमीनमोजणीची जुनी व्हर्स्ट 1000 साझेनची.

विसाव्या शतकाचे कागद कुठं शोधायचे, हेही तुम्हीच सांगितलंत. रियाझान गुबेर्निया 1929 साली मोडली आणि रियाझान प्रांत 1937 साली पुन्हा उभा राहिला. मधल्या वर्षांत हा भाग मॉस्को प्रांतात होता, त्यामुळे त्या आठ वर्षांसाठी मॉस्कोच्या याद्याही चाळाव्या लागतात. अभिलेखागाराचा संदर्भ देताना फोंद (संग्रह), ओपिस (त्याची यादी), देलो (फाईल) आणि पान असा क्रम. पानाला दोन्ही बाजूंना मिळून एकच आकडा असतो, म्हणून मागची बाजू असेल तर ‘ओबोरोत’ लिहायचंच.

शेवटची दुरुस्ती घराची. संग्रहालय 1965 साली सुरू झालं. तिथं दिसणारं घर ‘कवीचं जन्मघर’ असं आम्ही लिहिलं होतं. येसेनिन जन्मले ते घर पुढं पाडलं गेलं, त्यानंतरचं 1922 च्या आगीत जळालं. जागा तीच आहे, लाकूड ते नाही. आता ‘जन्मस्थान’ असा शब्द घातला आहे.

टिपणाची छापील प्रत आणि तुमच्या खुणांचा मूळ कागद या आठवड्यात घरी आणून देतो. नकाशावर मेश्चेरा अजून थोडी उत्तरेला सरकलेली वाटते. पेन्सिल तयार ठेवा.

कळावे, लोभ असावा.
तुमचे विद्यार्थी