अण्णा, माझा धंदा तुमच्या उलटा

ती. आई व अण्णा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

विट्यात लोक विचारतात, पोरगी जर्मनीत हिऱ्यांत काम करते म्हणजे मालामाल झाली असेल! रविवारी फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आमचे हिरे खाणीतले नाहीत. मिथेन आणि हायड्रोजन वायूंपासून यंत्रात थरावर थर चढवून वाढवलेल्या त्या चपट्या, बारीक चकत्या. अंगठीत बसवायला नेल्या तर सोनार हसेल.

अण्णा, तुम्ही जन्मभर कोइमतूरला गलाई केलीत. मुशीतल्या सोन्यातून तांबं, चांदी तेजाबानं काढून टाकायची, टंच जरा कमी आला की तुमचं जेवणावरून लक्ष उडायचं. मी मात्र शुद्ध हिऱ्यात जाणूनबुजून खोट शोधते. कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजनचा अणू आणि त्याला लागूनच एक रिकामी जागा, एवढीच ती खोट. तिला ऊर्जा मिळाली की ती प्रकाशाचा एकेकच कण सोडते. त्याला फोटॉन म्हणतात. घरातला बल्ब क्षणात असे अब्जावधी फेकतो, तो मोजत बसत नाही.

एकेकच कशाला? तर गुप्त निरोपासाठी. 1984 साली बेनेट आणि ब्रासार्ड या शास्त्रज्ञांनी फोटॉनवरून गुप्त किल्ली, म्हणजे निरोप उलगडायचा संकेत, पाठवायची रीत मांडली. मध्येच कुणी फोटॉन मोजला तर त्याची खूण मागे राहते. पण एकाऐवजी दोन सारखे फोटॉन निघाले, तर चोर एक गुपचूप ठेवून घेतो आणि दुसरा पुढे सोडतो. म्हणून आम्ही प्रकाश अर्धवट आरशावर दोन वाटांना फोडतो आणि दोन्हीकडचे मापक एकाच वेळी वाजतात का ते बघत बसतो. फोटॉन एकटाच असेल तर वाजत नाहीत. कंटाळवाणं काम आहे, पण मला आवडतं.

ऊर्जा द्यायला सहसा लेझर लागतो. आम्हाला ते काम नुसत्या विजेनं करायचंय. अडचण अशी, की शुद्ध हिरा वीज वाहू देत नाही. एका बाजूला बोरॉन, दुसऱ्या बाजूला फॉस्फरस मिसळून वाट करावी लागते, आणि त्यात फॉस्फरस भलताच हट्टी, इलेक्ट्रॉन सहजी सोडत नाही. तरी 2012 साली जपान आणि जर्मनीतल्या संशोधकांनी हे जमवून दाखवलं, तेही साध्या खोलीच्या तापमानाला. असे बरेच दुसरे स्रोत द्रव हेलियमच्या थंडीशिवाय चालत नाहीत. आणखी गंमत म्हणजे, ज्या गुणानं दागिन्यातला हिरा लखलखतो तोच आमच्या मुळावर येतो. हिरा प्रकाश इतका वळवतो, की बराचसा आतच अडकतो.

आता मुद्द्याचं. चकत्या स्वच्छ करायला आम्हीही तेजाबात उकळतो. पण काचेच्या बंद कपाटात, वर धूर ओढणारा पंखा. तुम्ही तोंडाला पंचा बांधून ते केलंत. तुमचा खोकला फोनवरही ऐकू येतो, "हवा बदलली" हे कारण मला चालणार नाही. आई, त्यांना या आठवड्यात मिरजेला ने आणि छातीचा फोटो काढून घे. तेजाबाच्या धुरात किती वर्षं काढली ते डॉक्टरांना तूच सांग, ते स्वतः सांगणार नाहीत. रिपोर्ट दादाला व्हॉट्सॲपवर टाकायला लाव.

तुमची,
ताई