सायकलची सीट मापाने घ्यावी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील सायकलिंगविषयीच्या लेखात, लांब फेरीला निघण्यापूर्वी माउंटन बाइकच्या सीटवर जाड जेलचे कव्हर चढवावे, असा सल्ला दिला आहे. दापोली परिसरात नियमित सायकल चालवणारा वाचक म्हणून तो मला पटला नाही.

सीटवर बसताना शरीराचा भार नितंबांतील दोन हाडांनी पेलायचा असतो. गादी फार मऊ असली की ही हाडे तिच्यात रुततात, मधला भाग फुगून वर येतो आणि मांड्यांमधल्या नाजूक जागेतून जाणाऱ्या नसा व रक्तवाहिन्या दाबल्या जातात. बधिरपणा येतो तो त्यामुळे. दुकानासमोर दोन मिनिटे चक्कर मारताना हे कळत नाही, कड्यावरच्या गणपतीचा चढ चढताना कळते.

म्हणून आधी रुंदी पाहावी. कठीण स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवून, किंचित पुढे वाकून बसावे आणि उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांमधले अंतर मोजावे; त्याहून दोन-अडीच सेंटिमीटर अधिक रुंद सीट साधारणपणे योग्य ठरते. अनेक कंपन्या एकच सीट दोन-तीन रुंदींत बनवतात, आपल्याकडच्या दुकानांत मात्र बहुधा एकच मिळते. स्प्रिंग लावलेली रुंद सीट हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण जांभ्याच्या खडबडीत उतारावर शरीर सीटच्या मागे न्यावे लागते आणि अशा वेळी रुंद कडेत चड्डी अडकते.

अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या 90 पोलिसांना सहा महिने पुढचे टोक नसलेली सीट वापरायला दिली असता त्यांचा बधिरपणा बराच कमी झाल्याचे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तरीही डोंगरी वाटेसाठी मी तशी सीट सुचवणार नाही, कारण तीव्र चढावर आपण याच टोकाकडे सरकून बसतो आणि उतारावर मांड्यांनी त्याचाच आधार घेऊन सायकल सावरतो. मध्यभागी खाच असलेली सीट हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे.

सीट बसवताना गवंड्याची पाणसळ तिच्यावर ठेवून ती सपाट करावी. टोक वर राहिले तर दाब वाढतो, फार खाली गेले तर सगळा भार मनगटांवर येतो. आपल्या दमट हवेत घाम वाळत नसल्याने कातडी सोलवटते. त्यासाठी पॅड शिवलेली सायकलिंगची चड्डी घालावी, तीही आत दुसरे अंतर्वस्त्र न घालता. चामड्याची सीट पावसाळ्यात बुरसते आणि भिजून आकार सोडते, शिवाय खाऱ्या वाऱ्याने सीटखालचे लोखंडी दांडे व बोल्ट गंजतात, म्हणून महिन्याकाठी त्यांना ग्रीस लावलेले बरे.

दुकानदारांनी निदान दोन रुंदींच्या सीट ठेवून त्या एखादा दिवस वापरून पाहू द्याव्यात, आणि पुरवणीच्या पुढील अंकात जेल कव्हरच्या सल्ल्याबाबत खुलासा छापावा, ही विनंती.

आपला,
एक सायकलस्वार, दापोली